जांघ दुखतेय... पण सांगणार कुणाला?

सूर्यकुमार यादवचं २०२५चं आयपीएल आठवतंय? ७१७ रन्स! आणि लगेच जूनमध्ये साहेब म्युनिकला, स्पोर्ट्स हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. जानेवारी २०२४मध्येही तो अशाच ऑपरेशनसाठी जर्मनीला जाऊन आला होता. नीरज चोप्राचंही तसंच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) ८९.४५ मीटरचं सिल्व्हर, पण सहापैकी पाच थ्रो फाउल. थ्रो करताना लक्ष जांघेच्या दुखापतीकडे जातं, हे त्यानंच नंतर सांगितलं.

आता बघा, गुडघा दुखला तर आपण नी-कॅप मिरवत ऑफिसभर फिरतो. पाठ दुखली तर नवी खुर्ची मागतो. पण 'सर, आज जांघ दुखतेय' असं कुणी बोललंय कधी? शब्दच असा, की समोरचा हसणार किंवा नजर फिरवणार. मग मंडळी सहा-सहा महिने गप्प, आणि शनिवारी पुन्हा टर्फवर फुटबॉल खेळायला हजर!

रामटेकचा माझा मामेभाऊही असाच गप्प होता. पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. निम्मे मार्क मिळाले नाहीत तर लेखी परीक्षा विसरा. त्यामुळे पठ्ठ्या रोज पहाटे ग्राउंडवर, वर आठवड्यातून दोनदा गडाच्या पायऱ्या पळत चढणार. 'धावताना नाही दुखत ताई, थांबलो का दुखते,' हे त्यानं मला सांगितलं तोवर चार महिने उलटले होते. आजीचं निदान तयार होतं, 'अवधान आलं असन.' (अवधान म्हणजे जांघेतल्या गाठी सुजणं, पायाला जखम झाली की होतं ते. याच्या हाताला गाठबीठ काही लागत नव्हती.) शेक, तेल, मेडिकलवाल्याच्या गोळ्या, सगळं करून झालेलं. पंधरा दिवस आराम केला की बरं, पळाला की पुन्हा तेच.

शेवटी नागपूरच्या एका स्पोर्ट्स फिजिओकडे गेलो. एमआरआयचं नावही न काढता तिनं त्याला उताणं झोपवलं, दोन गुडघ्यांमध्ये मूठ धरली आणि म्हणाली, 'दाब.' दाबलं, आणि चेहरा कसनुसा! मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचं, म्हणजे ॲडक्टर्सचं, दुखणं.

तिनं सांगितलं ते मला फार इंटरेस्टिंग वाटलं. जांघेत भलतीच गर्दी आहे. ॲडक्टर्स, गुडघा वर उचलणारा स्नायू, मधलं प्युबिक हाड, पोटाच्या भिंतीचा खालचा भाग आणि खुब्याचा सांधा. २०१४मध्ये दोहात जगभरचे तज्ज्ञ जमले ते याच गोंधळाला एकसारखी नावं द्यायला. खोकताना-शिंकताना कळ येत असेल तर संशय पोटाच्या भिंतीवर. मोजे घालताना, मांडी घालून बसताना अडत असेल तर खुब्यावर. आणि गंमत म्हणजे दोन प्रकार एकत्रही असू शकतात.

उपचार? डेन्मार्कच्या पेर होल्मिक यांनी १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ६८ खेळाडूंचा अभ्यास छापला. सगळ्यांची जांघ बरेच महिने दुखणारी. निम्म्यांना मसाज, लेसर, स्ट्रेचिंग. निम्म्यांना ताकदीचे व्यायाम, तेही ८ ते १२ आठवडे. दुखणं जाऊन पूर्वीसारखे खेळायला लागले ते पहिल्या गटात ४ जण, दुसऱ्या गटात २३! म्हणजे आपण ज्याला ट्रीटमेंट समजतो, पडून राहायचं आणि कुणीतरी मालिश करायची, ती इथे फारशी चालत नाही.

पण त्या काळात धावणं बंद. इथे भाऊराया अडला. 'आणि भरतीची ॲड निघाली तर?' फिजिओ शांतपणे म्हणाली, 'निघाली आणि तू लंगडत पळालास तर?' गाडीत रामटेकपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. पन्नासेक किलोमीटर!

दुसऱ्या दिवशी मात्र व्हॉलीबॉल आणला. उताणं झोपून बॉल पावलांमध्ये धरायचा आणि ३० सेकंद दाबायचा, असं दहा वेळा. मग गुडघ्यांमध्ये. आठवड्यातून तीनदा. दम टिकावा म्हणून खिंडसीपर्यंत सायकल, दुखलं नाही तरच. पुढे 'कोपनहेगन' नावाचा व्यायाम. एका कुशीवर आडवं व्हायचं, वरचा पाय मित्रानं धरायचा आणि कंबर उचलायची. नॉर्वेच्या ३५ फुटबॉल टीम्सवरच्या अभ्यासात (२०१९) यानं जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला. टर्फवाल्यांनो, जिमची फी वाचली! मित्र नसेल तर खाटेची कड चालते.

ऑपरेशनचं विचाराल तर काही महिने नीट व्यायाम करूनही पोटाच्या भिंतीचं दुखणं हटलं नाही तरच. पायावर भार दिला की कळ येत असेल, रात्री झोपेत दुखत असेल तर व्यायाम नको, आधी ऑर्थोपेडिक. पळणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. आणि पुरुषांनो, अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर थेट इमर्जन्सी. त्याच तासाला. लाजायचं नंतर.

भाऊरायाचा सातवा आठवडा चालू आहे. काल फोन आला, गवतावर दहा मिनिटं जॉगिंग, दुखलं नाही. ॲड अजून निघालेली नाही. १६०० मीटर त्यानंही अजून लावून पाहिलेलं नाही.