अंथरूण पाहून ‘पाय’

कलाशाखेच्या पदवीधराने यंत्राविषयी मत द्यावे हा एक प्रकारचा अनधिकार प्रवेशच होय, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी मराठी आणि इतिहास शिकवितो. विजेच्या तारेला हात लावताना अजूनही माझी बोटे आखडतात. तथापि आपल्या शाळेच्या विज्ञान मंडळात ‘गाणी वाजविणारी पेटी कोणत्या संगणकावर बांधावी’ या प्रश्नावर गेले वर्षभर जो वाद चालला आहे, त्यात मी आरंभापासून एक बाजू धरून बसलो आहे, आणि ती बाजू माझ्या विद्यार्थ्यांना मुळीच पसंत नाही. मधल्या सुटीत उभ्या उभ्या तिचे नीट समर्थन करता येत नाही. म्हणून संपादकांकडून ही पाने मागून घेतली.

प्रथम वादाचे मूळ सांगतो. संगीताच्या खोलीतील कपाटात ३७ कॅसेटी आहेत. जुन्या स्नेहसंमेलनांतील पदे, समूहगीते, आणि १९८७ च्या चवथीत आमच्या दिवंगत संगीतशिक्षकांनी गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केलेल्या घुमट-आरत्या त्यांत आहेत. गोव्याबाहेरील वाचकांसाठी सांगावयास हवे की घुमट म्हणजे मातीच्या घटाला एका तोंडाशी चामडे ताणून केलेले आमचे वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचे चामडे लावीत. आता वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. बकऱ्याचे चामडे लावलेली घुमटे आज सर्वत्र वाजतात. परंतु जुन्या घुमटाचा नाद निराळा होता असे जाणते वादक सांगतात, आणि तो नाद पुन्हा निर्माण करणे आता कोणास शक्य नाही. तो फितीवर असेल तेवढाच उरला आहे. आमच्या पावसाळ्यात त्या फितींवर बुरशी चढू लागली आहे.

तेव्हा ठरले असे, की कॅसेटी संगणकात उतरवून घ्याव्यात आणि त्या वाजविण्यासाठी मुलांनीच एक पेटी बांधावी. प्रार्थनेलाही तीच, गॅदरिंगलाही तीच. दोन वर्षे रद्दी विकून मुलांनी साठविलेले साडेअकरा हजार रुपये हाताशी होते. येथपर्यंत सर्वांचे एकमत होते.

पेटीचे हृदय म्हणजे एकाच पाटीवर सर्व अवयव मांडलेला चिमुकला संगणक. इंग्रजीत ज्यास ‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर’ म्हणतात. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध नाव रास्पबेरी पाय. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे आणि येणाऱ्यांना स्वतः आज्ञावली लिहिण्याचा सराव उरलेला नाही, हे पाहून एबेन अप्टन व त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी हा स्वस्त संगणक सिद्ध केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर. २०१५ च्या नोव्हेंबरात त्याचे ‘पाय झिरो’ हे ५ डॉलरचे भावंड आले, आणि ते तर एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट देण्यात आले. संगणक फुकट वाटणारे मासिक आमच्या संपादकांनी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवण्यास हरकत नाही! नावातील ‘पाय’ हा पायथॉन या संगणकभाषेवरून आला आहे. पण मराठी मुलांच्या तोंडी तो पडताच कोट्यांना ऊत आला. “सर, पाय घेऊ या तो सर्वांत लांब घेऊ या,” असे एक जण म्हणाला, तेव्हा मी त्याला आपली जुनी म्हण ऐकवली. ती म्हण हेच माझ्या बाजूचे सार आहे.

मुलांना हवा आहे ‘पाय ५’. २०२३ साली आलेली ही पाटी खरोखरच समर्थ आहे. तिच्यासोबत रंगीत स्पर्शपडदा, पंखा आणि तिचा खास वीजपुरवठा धरून मुलांनी जो बेत मांडला, त्यात साडेअकरा हजारांतील जवळजवळ सारी रक्कम संपत होती. मी सुचविला ‘झिरो २ डब्ल्यू’. ही २०२१ सालची पाटी बोटभर लांब, आरंभीची किंमत १५ डॉलर. मुलांचे चेहरे पडले. “सर, याची मेमरी फक्त ५१२ एमबी!” जणू मी त्यांना बैलगाडीतून दिल्लीस जावयास सांगत होतो.

आता येथे थोडे गणित करू. भाषेच्या शिक्षकाला झेपेल एवढेच. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीत म्हणजे दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतलेली ध्वनीची नोंद. प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. हा आकडा कागदावर भव्य दिसतो. पण सेकंदाला शंभर कोटी ठोके मारणारी चार केंद्रके ज्या ‘झिरो २ डब्ल्यू’मध्ये आहेत, त्याला हे काम म्हणजे दोन बोटांनी उचलण्याजोगे ओझे. संगीत एमपी३ किंवा फ्लॅक या पद्धतीने आवळून ठेवलेले असले तरी ते उलगडण्यास फार शक्ती लागत नाही. पाय ५ हे काम अधिक लवकर करील, यात शंका नाही. परंतु गाणे लवकर वाजवून कोणाला हवे आहे? तीन मिनिटांचे पद तीन मिनिटांतच संपावयाचे आहे.

तीच गोष्ट १९२ किलोहर्ट्‌झच्या हव्यासाची. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि तेवढे पकडावयास ४४,१०० नोंदी पुरतात. ३७ वर्षांहून जुन्या कॅसेटीत जे मुळात नाहीच, ते नोंदी चौपट केल्याने कोठून येणार?

सर्वांत मौजेची बाब मला दुकानाच्या यादीतून नव्हे, तर पाटीच्या कडा निरखून कळली. पाय ५ ला कर्णभूषणे जोडावयाचे भोकच नाही! झिरोलाही नाही. कुळातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बलवान, दोन्ही मुके. मधल्या पाय ३ व पाय ४ ला ते भोक आहे, पण त्यातून निघणारा आवाज खऱ्या ध्वनिपरिवर्तकाचा नव्हे; वीज अतिवेगाने चालू-बंद करून तिच्या सरासरीतून साधलेली ती एक युक्ती आहे. शांत आलापामागे तिची खरखर माझ्यासारख्या साध्या कानालाही ऐकू आली. म्हणजे कोणतीही पाटी घेतली तरी अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा ‘डॅक’ निराळा जोडणे आलेच. आणि एकदा तो जोडला की गाणे गोड लागते ते डॅकमुळे, पाटीमुळे नव्हे. घशावर खर्च करावयाचा सोडून आम्ही दंडांवर का करावा?

डॅकही महाग नको. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या पीसीएम५१०२ए या चकतीवर बांधलेले छोटे फलक काही शे रुपयांत मिळतात. पाय आणि डॅक यांच्यामध्ये ‘आय-टू-एस’ नावाचा मार्ग असतो. फिलिप्स कंपनीने १९८६ साली ही रीत घालून दिली. तीन तारा: एक ताल देते, दुसरी डावे-उजवे सांगते, तिसरी स्वर वाहते. मला तर यात तबलजी, सूत्रधार आणि गायक असे तिघे दिसू लागले. पायच्या चाळीस टोकांपैकी १२, ३५ आणि ४० या टोकांवर या तारा लावावयाच्या. वीज आणि ग्राउंड यांच्या दोन निराळ्या. मांडणीच्या फाइलीत एकच ओळ लिहावी लागते, आणि फलक कोणाचाही असला तरी ती ‘हायफायबेरी डॅक’ या नावाने चालते. हे सर्व मुलांनी अचूक केले, तरी दोन संध्याकाळी पेटी मौनच पाळून होती. अखेर नववीतील एका मुलीने फलकावरील ‘एससीके’ हे टोक ग्राउंडला जोडायचे राहिले आहे हे शोधले. सोल्डरिंगचा एक थेंब टाकला आणि ध्वनिवर्धकातून घुमट बोलले. त्या क्षणी खोलीत कोणी पाय ५ चे नाव काढले नाही, हे मी मुद्दाम नमूद करून ठेवतो.

दुसरा मुद्दा विजेचा, आणि तो आपल्या गावात कोणास पटवून द्यावा लागू नये. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही एका परिचितांकडून उसना आणलेला मोठा पाय लावला होता. प्रार्थनेच्या आधी वीज गेली. जनित्र चालू होऊन दिवे आले, मुले रंगमंचावर हात जोडून उभी राहिली. आणि पेटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी मांडीत बसली. कार्डावर लिखाण चालू असताना वीज तुटल्याने कार्ड बिघडले होते. शेवटी मुलांनी वाद्यांवाचून प्रार्थना म्हटली. चांगली म्हटली, पण माझ्या कानशिलांना आलेली ऊब मी विसरलेलो नाही. या अपघाताला पाटीच्या वेगाचा काडीइतका उपयोग नाही. उपाय निराळाच आहे: कार्डावर काही लिहूच द्यावयाचे नाही. रास्पबेरी पायच्या कार्यप्रणालीत ‘ओव्हरले’ नावाची सोय आहे. ती चालू केली की सर्व तात्पुरते लिखाण स्मृतीत होते आणि कार्ड अस्पर्श राहते. मग खुशाल बटण दाबून पेटी बंद करावी. नवे गाणे भरावयाचे तर ती सोय आधी काढावी लागते, हा कंटाळा आहे खरा. तो मी आनंदाने पत्करतो. पाय ५ ला ५ अँपियरचा वीजपुरवठा सांगितला आहे. झिरोला अडीच पुरतात. रद्दीच्या पैशातून चालणाऱ्या मंडळाने हा भेदही ध्यानात घ्यावा.

आमच्या शिक्षकखोलीतील एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “अहो मास्तर, मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?” वाजविणे एवढाच हेतू असता तर मी त्यांच्याच पंगतीत बसलो असतो. परंतु मोबाइल कोणाचा तरी खासगी असतो. त्यावर प्रार्थनेच्या मध्यात भावोजींचा फोन येतो, आणि त्याचा मालक बदली होऊन गेला की गाणीही जातात. शिवाय अंकाचा आवाज नेमका कोठे होतो, हे त्याच्या बंद पोटात कोणा मुलास दिसावयाचे नाही.

‘ऑरेंज पाय’, ‘बनाना पाय’ अशा इतर पाट्याही आहेत, कित्येकदा त्याच पैशांत अधिक बलवान. २०२१ ते २०२३ या काळात रास्पबेरीचा दुष्काळ पडला तेव्हा अनेकांनी त्यांचाच आश्रय केला. तरीही शिकाऊ हातांनी अडखळल्यावर उत्तर सापडले पाहिजे, आणि ते ज्या पाटीविषयी सर्वांत अधिक लिहिले गेले आहे तिच्याविषयीच लवकर सापडते. खरा प्रतिस्पर्धी मला वाटतो तो ईएसपी३२ हा नियंत्रक. तो झिरोहूनही स्वस्त, क्षणात जागा होणारा, वीज गेल्याची फिकीर नसलेला. दहा-वीस प्रार्थनाच वाजवावयाच्या असत्या तर मी त्याचीच बाजू घेतली असती. शेकडो पदे, त्यांची सूची, वर्गातील संगणकावरून शोध, हे मात्र त्याच्यावर बांधणे आमच्या मुलांना जड जाईल.

मोठ्या पाटीची मी निंदा करीत आहे असे कोणी समजू नये. पडद्यावर चित्रे हवी असतील, खोलीच्या दोषांप्रमाणे ध्वनी सुधारण्याचे जड गणित चालवावयाचे असेल, किंवा तोच संगणक दुपारी आज्ञावली शिकण्यासही वापरावयाचा असेल, तर पाय ४ अथवा ५ अवश्य घ्यावा. शेवटचा मुद्दा मांडून दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला जवळजवळ निरुत्तर केले होते. माझे उत्तर एवढेच, की तो संगणक शाळेने आपल्या खर्चाने घ्यावा. रद्दीचे पैसे कॅसेटींसाठी गोळा केले होते.

कारण कॅसेटी उतरविणे हेच खरे खर्चाचे काम आहे. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाल्याने स्वर डुलतात. पट्टा आणि दाबाचे रबरी चाक बदलले पाहिजे, वाचक डोके साफ केले पाहिजे, ध्वनीचे पुन्हा अंक करणारे एक साधन बरे घेतले पाहिजे. तेथे जे निसटेल ते कोणतीही पेटी परत आणू शकत नाही. कामाला वेळही लागतो. ६० मिनिटांची कॅसेट उतरवावयास ६० मिनिटेच लागतात, तेथे कोणाची गती चालत नाही. ३७ पैकी ४ कॅसेटींची फीत बुरशीने एकमेकींस चिकटली आहे, आणि त्यांतल्या एकीवर संगीतशिक्षकांच्या हस्ताक्षरात ‘चवथ १९८७, घुमट व शामेळ’ असे लिहिलेले आहे.

मंडळाची सभा परीक्षेनंतर भरेल तेव्हा मतदान होईल. माझे मत एकच धरले जाईल, हे मुलांनी मला आधीच बजावले आहे. मी त्या दिवशी ती चिकटलेली कॅसेट टेबलावर ठेवणार आहे.