झिगझॅग मशीन घेताय? डिझाईन नंतर बघा, आधी कड बघा



दुकानात आठवड्याला दोघी-तिघी तरी एकच प्रश्न घेऊन येतात. "ताई, झिगझॅग मशीन घ्यायचंय. किती डिझाईनचं घेऊ? सातचं का एकवीसचं?" नारायणगावात माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, दोरा, हुक, सुया विकते आणि शिवणाचा धंदा करू पाहणाऱ्यांचे वर्ग घेते. मशीन मी विकत नाही, त्यामुळे माझं मत जरा मोकळं आहे. डिझाईनच्या आकड्यावर मशीन घेऊ नका. आपल्या जुन्नर-आंबेगावात गिऱ्हाईक फुलापानांच्या टाक्याला पैसे देत नाही. ते पैसे देतं कडेला. साडीची कड, ब्लाउजच्या आतली कड, लेगिंगची उसवलेली शिवण, पोराच्या शर्टाचं काज. बास. उरलेले टाके पहिल्या आठवड्यात हौसेनं चालवले जातात आणि मग डायल तिकडं फिरतच नाही.

झिगझॅग म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या. आपल्या काळ्या मशीनची सुई फक्त वर-खाली होते. झिगझॅगची सुई वर-खाली होतेच, शिवाय डावीकडं-उजवीकडं पण झुलते. एवढाच फरक. पण त्या झुलण्यामुळं एक टाका कापडात आणि एक कडेच्या बाहेर पडतो, म्हणून कड बांधली जाते. टाका नागमोडी असल्यानं ताणला तरी तुटत नाही, म्हणून होजिअरीला चालतो. आणि तोच टाका जवळजवळ टाकला की काज तयार होतं. मूळ कामच कडेचं. अमेरिकेतल्या हेलन ब्लँचार्ड या बाईंनी १८७३ मध्ये झिगझॅग टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, ते कपड्याची कड उसवू नये म्हणूनच. फुलं-पानं फार नंतर आली, आणि माझ्या मते ती जास्त करून मशीन विकण्यासाठी आली.

आता दुसरी बाजू. "झिगझॅग घेतलं की पिकोचं दुकान टाकलं" असं मानणाऱ्या पण खूप आहेत. घरगुती मशीनवर पिको होतो, त्यासाठी कड गुंडाळणारं वेगळं फूट मिळतं. पण लग्नसराईत ओळीनं वीस-पंचवीस साड्या काढायच्या असतील, तर ते काम पिकोच्या वेगळ्या मशीनचं. घरगुती मशीनची मोटर छोटी असते, सलग चालवली की तापते. वॉरंटी कार्डावर घरगुती वापराबद्दल काय लिहिलंय ते मशीन घेण्याआधी वाचा, बिघडल्यावर नाही. इंटरलॉकचंही तसंच. इंटरलॉक मशीन कड कापतं आणि बांधतं. झिगझॅग फक्त बांधतं, कापायचं काम कात्रीनं आपणच करायचं. म्हणून माझा सल्ला असा की झिगझॅग हे दुसरं मशीन म्हणून घ्या. पहिलं काळं पायमशीन घरात असू द्या. वस्तीवर राहणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको. लाईट गेली की विजेचं मशीन झाकून ठेवायचं, पायमशीन मात्र चालूच राहतं.

बीबीएला असताना कॉस्टिंगची वही भरभरून लिहायचो, तेव्हा कंटाळा यायचा. आता रोज तेच करते. समजा मशीन १५,००० रुपयांना पडलं. समजा एका साडीचं फॉल-बिडिंग आणि पिको करून फॉल, दोरा, वीज सगळं वजा जाता हातात ३० रुपये राहिले. म्हणजे फक्त मशीनचे पैसे निघायला ५०० साड्या. दिवसाला दोन आल्या तर २५० दिवस. हे ३० रुपये मी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचा दर टाका. आकडा बदलेल, पण गणित करून तर बघा. आता हेच मशीन ब्लाउजला लावा. ब्लाउज तुम्ही आधीपासून शिवताच आहात. आतली कड बांधून दिली, दोरे लोंबत नाहीत, दोन धुण्यात शिवण उसवत नाही, म्हणून शिलाई ३० रुपयांनी वाढवली. इथं नवीन गिऱ्हाईक शोधायचं नाही, नवीन बोर्ड लावायचा नाही, फक्त जुन्या गिऱ्हाइकाला ब्लाउज उलटा करून दाखवायचा. मला हा रस्ता जास्त पटतो.

आपल्याकडं हंगामाचा पण हिशोब आहे. पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या, गावोगावचे लोक सुपारी द्यायला यायला लागले, की समजायचं यात्रा आल्या. यात्रा आणि लग्नं एकाच सुमाराला. त्या वेळी नवीन मशीन शिकायला घेणं म्हणजे लग्नघरात स्वयंपाक शिकण्यासारखं आहे. मशीन दोन महिने आधी घरात यायला हवं. आणि उधारीचं म्हणाल, तर टोमॅटोला बाजार सापडला की ब्लाउजची बाकी आपोआप येते, नाही सापडला तर मागायला पण लाज वाटते. हप्ता ठरवताना हे धरूनच ठरवा.

पैशांवरून आठवलं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पुढं पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंतचं कर्ज ५ टक्के व्याजानं, १८ महिन्यांत फेडायचं. चांगली योजना आहे. पण व्हाउचर मिळतंय म्हणून सगळ्यात चकचकीत मशीन, हा विचार सोडा. ज्यांच्याकडं एकही मशीन नाही त्यांनी आधी साधं मशीन, चांगली कात्री आणि इस्त्री यांचा विचार करावा. कर्ज तर अजिबात मशीनच्या रंगावर काढू नका.

आता जी गोष्ट सांगणार आहे तिच्यामुळंच हा लेख लिहायला बसले. घोडेगावच्या बाजूची एक ताई वर्गाला येते. बचत गटाच्या कर्जातून झिगझॅग घेतलं, पंधरा दिवस चालवलं, आणि मग चार महिने ते कपाटावर. हप्ता मात्र सुरू. "मशीनच खराब निघालं, खाली दोऱ्याचा गुंता होतो, सुया मोडतात," म्हणाली. निम्म्या किमतीत द्यायचं ठरवलंही होतं, गिऱ्हाईक पण ठरलेलं. मी म्हटलं, एकदा घेऊन ये. आणलं. मशीनला काही झालं नव्हतं. फूट खाली ठेवून दोरा ओवलेला, सुई उलटी बसवलेली, आणि साध्या शिलाईच्या फुटावर झिगझॅग चालवलेलं. तासाभरात मशीन सुरळीत. दुकानदारानं दिलेला डेमो किती मिनिटांचा होता, विचारलं तर म्हणाली, "दहा असतील, त्यात पण दोन फोन आले त्याला."

म्हणून मांडणी नीट शिका. हे काम किरकोळ समजू नका, पैसे इथंच अडकतात.

सुई बसवताना मशीन बंद, प्लग काढलेला. काळ्या मशीनला सुईची चपटी बाजू बाजूला असते, घरगुती झिगझॅगला ती बहुतेक मागं जाते. सवयीनं हात चुकतो तो इथं. सुई वरपर्यंत ढकलायची आणि मग स्क्रू आवळायचा. दुकानात सुई मागताना "घरगुती मशीनची, चपट्या दांड्याची" असं स्पष्ट मागा, कारण कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची सुई वेगळी. जॉर्जेट, शिफॉनला ९ किंवा ११ नंबर, सुती ब्लाउजला ११ ते १४, जीन्सला १६. लेगिंग, टी-शर्टला गोल टोकाची सुई वेगळी मिळते. साध्या सुईनं होजिअरी शिवली की मध्येच टाके सुटतात आणि आपण दोष मशीनला देतो.

दोरा ओवताना फूट वर. हे वाक्य वर्गात मी इतक्यांदा म्हणते की मुली मागून माझी नक्कल करतात. करू देत. फूट वर असलं की टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतो. फूट खाली असलं तर दोरा चकत्यांच्या वरूनच जातो, वरचा ताण शून्य, आणि मग कापडाखाली घरटं तयार होतं. गंमत म्हणजे गुंता खाली दिसतो म्हणून सगळ्या बॉबिन काढून बसतात. खाली गुंता असेल तर आधी वरचा दोरा काढून परत ओवा. बॉबिन केसचा ताण बघायला भरलेली केस दोऱ्याला लटकवा. नुसती लटकली तर जागेवर राहावी, हलका झटका दिला तर थोडीशी खाली यावी. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. दोन्ही दोरे चार-पाच बोटं लांब ठेवून फुटाखालून मागं घ्या आणि मगच सुरुवात करा. हातानं चाक फिरवायचं ते कायम स्वतःकडं.

मग फूट. झिगझॅगच्या फुटाला आडवी रुंद फट असते, साध्याला छोटं भोक. साधं फूट लावून झिगझॅग टाकला की सुई फुटावर आपटते. मोडलेलं टोक डोळ्याकडं उडू शकतं, म्हणून हे फक्त सुईच्या दोन-चार रुपयांचं नुकसान समजू नका. डायल फिरवताना सुई कापडाच्या बाहेर, वर असायला हवी. पहिला टाका चाक हातानं फिरवून बघायचा, सुई दोन्ही बाजूंना मोकळी जातेय ना, आणि मगच पॅडल.

टाक्याची रुंदी आणि लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंदी म्हणजे सुई किती झुलते, लांबी म्हणजे कापड किती पुढं सरकतं. लांबी अगदी कमी केली की टाके एकमेकांना चिकटतात, काजाला तसंच लागतं. कडेला थोडी जास्त लांबी चालते. झिगझॅगला वरचं टेन्शन साध्या शिलाईपेक्षा जरा कमी ठेवा. पातळ कापडाची कड आत गोळा होत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी धरा, शिवून झालं की फाडून टाका. आणि तेल मशीनचंच, पुस्तकात दाखवलंय तिथंच. खोबरेल घालणाऱ्या अजूनही आहेत. थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होतं, आणि आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे.

पहिले पंधरा दिवस गिऱ्हाइकाचं कापड मशीनवर घेऊ नका, कितीही ओळखीचं असलं तरी. एक वही करा. प्रत्येक कापडाची वीतभर पट्टी, तिच्यावर झिगझॅग, शेजारी सुईचा नंबर, रुंदी, लांबी, टेन्शन. जॉर्जेट, सुती, अस्तर, लेगिंग, खण, जीन्स. आमच्याकडं उरलेल्या चिंध्या फुकट मिळतात, मागून घ्या. हीच वही नंतर गिऱ्हाइकाला दाखवता येते, आणि जाऊबाई मशीनवर बसल्या तरी तुम्हाला हाक मारायची गरज पडत नाही.

आणि मशीन घ्यायला जाताना पिशवीत तीन तुकडे न्या. जॉर्जेटचा, जुन्या लेगिंगचा आणि दुहेरी सुती कापडाचा. दुकानदाराचं कडक पांढरं कापड बाजूला ठेवायला सांगा, त्याच्यावर कुठलंही मशीन छान चालतं. तुमच्या तुकड्यांवर झिगझॅग चालवून घ्या, मग उठवून तुम्ही स्वतः बसा, दोरा स्वतः ओवा. निघताना विचारा, मेकॅनिक कुठून येतो? मंचर, नारायणगावात बसणारा असेल तर ठीक. "पुण्याला पाठवावं लागेल" असं उत्तर आलं, तर किती दिवस लागतात ते बिलाच्या मागं लिहून मागा.