दियालो टेली यांचा बळी कोणी घेतला?

१९७७ च्या प्रारंभी, गिनीची राजधानी कोनाक्री येथील बोइरो छावणीत, एका राजबंद्याचे अन्नपाणी तोडून त्याला ठार मारण्यात आले. या शिक्षेला तेथे 'काळा आहार' असे नाव होते. हा राजबंदी म्हणजे आफ्रिकी ऐक्य संघटनेचे माजी सरचिटणीस दियालो टेली!

१९५८ साली द गॉल यांच्या सार्वमतात 'नाही' म्हणण्याचे धैर्य फ्रेंच आफ्रिकेत एकट्या गिनीने दाखविले. फ्रान्सने सूडबुद्धीने आपले अधिकारी व मदत काढून घेतली. त्या नवजात राष्ट्राची बाजू टेली यांनी संयुक्त राष्ट्रांत समर्थपणे मांडली. वर्णभेदविरोधी खास समितीचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६४ ते १९७२ ते ऐक्य संघटनेचे सरचिटणीस होते; नंतर मायदेशी परतून न्यायमंत्री झाले. जुलै १९७६ मध्ये त्याच न्यायमंत्र्याला, फुला जमातीच्या कथित कटाचा आरोप ठेवून, अटक झाली. छळ करून कबुलीजबाब लिहून घेण्यात आला.

सेकू तुरे यांचे समर्थक म्हणत, क्रांतीला शत्रूंचा वेढा पडला होता. हा वेढा काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांनी कोनाक्रीवर खरोखरच हल्ला केला होता. परंतु बाहेरच्या शत्रूचे निमित्त करून घरातल्या प्रत्येक मतभेदाला फितुरी ठरविण्याचा परवाना कोणत्या समाजवादाने दिला? जेथे पक्ष एकच, न्यायासन त्याचेच आणि तुरुंगही त्याचाच, तेथे श्रमिकांचे राज्य नसते. असते ती एका माणसाची मर्जी.

टेलीही सर्वस्वी निर्दोष नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये कोनाक्रीत राजकीय कैद्यांना जाहीर फाशी देण्यात आली, तेव्हा सरचिटणीसपदी तेच होते. त्यानंतरही त्यांनी त्याच राजवटीचे न्यायखाते स्वीकारले. सदस्यराष्ट्रांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व संघटनेच्या सनदेतच होते. परक्या सत्तेपासून स्वातंत्र्य राखण्यासाठी उभारलेली ही भिंत हुकूमशहांच्या तुरुंगाची भिंत ठरली. तिच्या आड अखेर टेलींचाच आक्रोश दडपला गेला.

संघटनेने यातून काय बोध घेतला? १९८४ ची तिची शिखर परिषद कोनाक्रीतच भरायची होती! मार्चमध्ये तुरे मरण पावले म्हणून ती नामुष्की टळली. त्यानंतर सुमारे आठवड्यानेच लष्कराने सत्ता घेतली आणि तुरे यांचा सर्वशक्तिमान पक्ष पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला.

साम्राज्यशाहीशी झुंजणारा प्रत्येक नेता मुक्तिदाता नसतो. आपल्या गोटातील जुलुमाविरुद्ध जो बोलत नाही, त्याला शत्रूच्या जुलुमाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. टेली यांचा बळी तुरे यांनी घेतला खरा. पण सोयीस्कर मौन पाळणारे सारेच त्या पापाचे वाटेकरी आहेत.