नकाशावरील खूण आणि जमिनीवरील पांढर



पुणे–अहिल्यानगर महामार्गाने सणसवाडीवरून जाताना आपल्याला कारखाने, गोदामे आणि नव्याने सपाट केलेल्या जमिनी दिसतात. याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत तेथे उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत पुरलेली बालके, पाण्याचा पाट आणि बांध यांमुळे हे स्थळ महत्त्वाचे ठरले. ते पाहावयाचे ठरवल्यास आपण प्रथम भ्रमणध्वनीवरील नकाशा उघडाल. त्या नकाशावर कितपत विसंबावे?

पहिला दोष नावाचा. गावाच्या नावाने शोध घेतला की खूण बहुधा आजच्या गावठाणावर उमटते; प्राचीन वसाहत शिवारात वा नदीकाठी असू शकते. शिवाय रोमन लिपीत नावांतील भेद पुसला जातो. घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन चांडोली आणि धरणासाठी प्रसिद्ध असलेले सांगलीकडील चांदोली रोमन लिपीत एकसारखीच दिसतात.

दुसरा दोष अंकांचा. जुन्या अहवालांत स्थान अनेकदा अंश आणि मिनिटे यांतच दिलेले असते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. १८ अंश ३६ मिनिटे म्हणजे दशांश पद्धतीने १८.६ अंश, कोणी ते १८.३६ असे नोंदवले, तर खूण सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला सरकते. अशी चूक एकदा झाली की पुढचे लोक तीच उतरवून घेतात आणि वारंवार दिसल्यामुळे ती खरी वाटू लागते.

यात बिघडते काय, असे आपण विचाराल. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. अशा ठिकाणी निदान हद्द ठरलेली असते. परंतु असंख्य पांढरीच्या टेकाडांना हे संरक्षण नाही. त्यांचे ठिकाण नेमके नोंदलेले नसेल, तर सपाटीकरणासाठी जेसीबी आला तरी येथे काही होते हे सांगणारा कागदच उरत नाही. नष्ट झालेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही.

याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे. नेमके ठिकाण जाहीर केल्यास गुप्तधनाच्या आशेने खणणारे आणि पुरावस्तूंचे व्यापारी तेथे पोहोचतील. म्हणून माझे मत असे : असंरक्षित स्थळाचे नेमके स्थान संशोधन संस्था, पुरातत्त्व विभाग आणि ग्रामपंचायत यांच्या दप्तरी असावे, जाहीर नकाशावर ते ढोबळ दाखवावे, मात्र ते ढोबळ आहे हे स्पष्ट लिहावे. हेतुपूर्वक राखलेली अस्पष्टता आणि निष्काळजीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय वसाहत हा बिंदू नसून विस्तार आहे. एका खुणेने तिची हद्द कळत नाही.

आपण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकता आणि आपल्या गावाचे शिवार जाणता. पांढर कोठे संपते आणि काळी कोठे सुरू होते, हे उपग्रहापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असते. एखाद्या टेकाडावर खापरे दिसल्यास उकरू नका, उचलू नका. गाव, तालुका, गट क्रमांक, नदी वा ओढ्यापासूनचे अंतर, पाहिल्याची तारीख आणि माहिती कोणाकडून मिळाली, हे लिहून पुरातत्त्व विभागास कळवा. सातबाऱ्यातील एका गुंठ्यासाठी आपण मोजणी मागवतो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांसाठी तेवढी काटेकोरी अवास्तव म्हणता येणार नाही.