शपथेचे मोल

जिवाच्या भयाने देश सोडून आलेल्या माणसाजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा बहुधा नसतो. ज्या सत्तेने त्याचा छळ मांडला, तिच्याच कचेरीतून त्याने छळाचा दाखला आणावा, ही अपेक्षा हास्यास्पद होय. हे जाणूनच कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने १९७९ साली माल्डोनाडो खटल्यात ठरविले की, आश्रयार्थ्याने शपथेवर केलेले कथन, संशयास कारण नसेल तर, खरे मानावे. पुढे १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात सिंग खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी बजावले की, जेथे माणसाच्या खरेपणाचाच गंभीर प्रश्न आहे, तेथे त्यास समक्ष ऐकल्यावाचून निवाडा करणे न्यायास धरून नाही.

ही दोन्ही तत्त्वे आम्हांस शिरोधार्य आहेत. परंतु डिसेंबर २०१२ मध्ये जो निर्वासित-अपील विभाग तेथे सुरू झाला, त्याच्या कायद्यात त्यांची काय गत झाली आहे? हे अपील सामान्यतः कागदांवरच चालते. खरेपणाविषयी गंभीर प्रश्न उभा करणारा व निकाल फिरवू शकणारा नवा लेखी पुरावा दाखल झाला, तरच समक्ष सुनावणीचे दार उघडू शकते. आणि तो पुरावाही पहिल्या निकालानंतरचा, किंवा आधी मिळणे वा सादर करणे शक्य नसलेला असावा लागतो. म्हणजे ज्याच्यापाशी कागद आहे, त्यास कदाचित बोलता येईल. ज्याच्यापाशी केवळ जीभ आहे, त्याने गप्प राहावे!

कोणी म्हणेल, पहिली सुनावणी समक्षच झाली होती आणि तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. खरे, परंतु मुद्रित आवाजास प्रतिप्रश्न विचारता येत नाही. अर्जात एक तारीख, दुभाष्यामार्फत झालेल्या मुलाखतीत दुसरी, आणि काही महिन्यांनी सुनावणीत तिसरी, एवढ्यावरून माणूस खोटा ठरू शकतो. इथिओपियाचे पंचांग युरोपीय पंचांगाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. तेथील माणसाच्या तारखा जुळल्या नाहीत, तर दोष स्मृतीचा, भाषांतराचा, की नियतीचा? आपल्या खेड्यांतील म्हाताऱ्या लग्नाचे साल न सांगता बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगतात. त्यांस आपण लबाड म्हणत नाही.

खोटे दावे येतच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु खोटे ओळखण्याचा उपाय माणसाकडे पाठ फिरविणे हा नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही, कथन सुसंगत व संभाव्य असेल तर संशयाचा फायदा अर्जदारास द्यावा, असे म्हटले आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, जेथे दावा केवळ अविश्वासामुळे फेटाळला गेला आणि अर्जदार विसंगतीचा खुलासा करू इच्छितो, तेथे अपिलात त्यास समोर बोलाविणे हा नियम असावा, अपवाद नव्हे. चुकून आश्रय दिला, तर राज्याचे थोडे नुकसान होईल. चुकून नाकारला, तर एका माणसाचा प्राण जाईल. ही दोन्ही पारडी समान मानणारा तराजू न्यायाचा म्हणवत नाही.