छप्पर बदलताना तिला विचारलं का?

अक्षय तृतीया झाली, लग्नांचे मांडव उतरले की आपल्या वर्धा जिल्ह्यात घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे छपराचा. मृगाचा पाऊस यायच्या आत कवेलू फेरायचे, की यंदा ते उतरवून सरळ टिना टाकायच्या? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेले सिमेंटचे पत्रे तडकलेत, ते ठेवायचे की काढायचे? ही चर्चा ओसरीत होते. घरातले पुरुष असतात, मिस्त्री असतो, कधी दुकानदारही येऊन बसतो. भाव ठरतो, दिवस ठरतो. घरातल्या बाईला निरोप तेवढा मिळतो, "उद्या सामान बाहेर काढून ठेव."

बचत गटांच्या कामानिमित्त देवळी, सेलू, हिंगणघाटकडची बरीच घरं मी आतून पाहिली आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. छप्पर निवडणारा माणूस दुपारी त्या छपराखाली नसतो. तो शेतात निंबाखाली असतो, नाहीतर दुकानात, कचेरीत पंख्याखाली असतो. भर बारा ते चारच्या वेळात घरात असते ती भाकरी थापणारी बाई, खाटेवरची म्हातारी सासू, बाळंतीण आणि तिचं लेकरू. आणि जुनं छप्पर उतरलं की खाली पडलेला कचरा झाडूनं गोळा करतं कोण? तीच. म्हणून हा विषय मिस्त्रीचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून जास्त, आपला आहे.

आधी आपलं जुनं घर काय करत होतं ते पाहू. कवेलूंचे थर एकावर एक चढवलेले, खाली बांबूच्या कमच्या, त्याखाली दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती. कवेलूंच्या मधे हवा अडकून राहते आणि बारीक फटींतून घरातली गरम हवा वर निघून जाते. मातीच्या भिंतीतून ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात, तोवर सूर्य मावळतीला लागतो. हे समजायला विज्ञानाची पदवी नको. आपण कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बायका. गादीतला कापूस दबून गठ्ठा झाला की ती ऊब देत नाही, पिंजाऱ्याकडून पिंजून आणली की पुन्हा देते. कापूस तोच, वजन तेच. मधे काय आलं? हवा. अडकलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. थंडीत ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, उन्हाळ्यात बाहेरचा ताप आत येऊ देत नाही. कवेलूंचं छप्पर म्हणजे घराच्या डोक्यावरची पिंजलेली गादीच होती म्हणा ना.

याचं उत्तम उदाहरण आपल्या दारातच आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले. हेच गाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तारीख बघा, ऐन उन्हाळा! आज आपण ज्या बापू कुटीचं दर्शन घेतो ती मुळात मीराबहेन यांनी स्वतःसाठी उभारलेली झोपडी. माती, लाकूड, बांबू, कवेलू, सगळं आसपास मिळणारं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला असताना त्या कुटीच्या ओसरीत पाच मिनिटं बसून बघा आणि मग आपल्या टिनाच्या स्वयंपाकघरात शिरा. फरक सांगायला थर्मामीटर लागत नाही. पुढे १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं, तिथेही मातीच्या आणि स्वस्त, थंड घरांवर बरंच काम झालं. ज्ञान आपल्या जिल्ह्यात नव्हतं असं नाही.

मग लोकांनी कवेलू सोडले का? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. वानरांचा कळप एकदा छपरावरून नाचून गेला की शंभर कवेलू फुटले समजा. फेरणारे मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. कवेलू भाजणारे कुंभारही कमी झाले. पावसाळ्यात जागोजागी भांडी मांडायची, विंचू-सापाची भीती वेगळी. शिवाय "अजून कवेलूचंच घर का?" हा सोयरिकीच्या वेळचा प्रश्न. दरवर्षी फेरणीच्या धुळीत स्वयंपाक करून मजुरांना जेवू घालणाऱ्या बाईला मी "कवेलूच ठेव" असा उपदेश करणार नाही. घर बदलावं, पक्कं व्हावं, ही तिचीही हौस आहे आणि हक्कही. माझं म्हणणं एवढंच की जुनं काढताना त्यानं काय सांभाळलं होतं ते लक्षात घ्या आणि नव्यात त्याची जागा भरून काढा. आपण गादी काढून टाकतो आणि तिच्या जागी काहीच घालत नाही, दुखणं तिथे आहे.

टिन म्हणजे लोखंडाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि ती धग सरळ खाली फेकतो. पुलगावकडच्या एका बाईंच्या शब्दांत, "घरात बसवत नाही जी, भट्टी होते भट्टी. चूल पेटवली काय न नाही काय, सारखंच!" सिमेंटचा स्लॅब दिवसा बरा वाटतो, पण दिवसभर प्यालेलं ऊन रात्री सोडतो. म्हणूनच नव्या पक्क्या घरातली माणसं रात्री अंगणात नाहीतर गच्चीवर अंथरूण टाकतात. सुनेला, वयात आलेल्या मुलीला गच्चीवर झोपायची मोकळीक सगळ्या घरांत असते का? ती आतच तळमळते आणि पहाटे पुन्हा कामाला लागते. तिच्या चिडचिडीला आपण स्वभाव म्हणतो. कधी छपराकडेही बघावं.

आता सिमेंटच्या करड्या, पन्हाळीदार पत्र्यांबद्दल. आपल्याकडच्या जुन्या पत्र्यांत साधारणपणे ॲस्बेस्टॉस असतं. हा दगडातून निघणारा तंतू. पत्र्यात त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं. पत्रा धडधाकट असेल, त्याला हात लावला नाही, तर धोका कमी. पण तो फोडला, कापला, ड्रिलनं भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि तिथेच रुतून बसतात. त्यातून फुप्फुसांचा दाह, कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा दुर्धर कॅन्सर होतो. तोही वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी. त्यामुळे कुणी त्याचा संबंध छपराशी जोडत नाही. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्यानं जगात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं दगावतात, असा तिचा अंदाज आहे. युरोपीय संघानं २००५ पासून त्यावर बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपून ठेवण्याचा आदेश दिला. तरीही पांढरं ॲस्बेस्टॉस आपल्याकडे आजही बाहेरून येतं आणि त्याचे पत्रे विकले जातात.

"पण हा त्रास कारखान्यातल्या माणसांना, आपल्याला काय?" असं कुणी म्हणेल. १९६५ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या, पण कामगारांच्या घरात राहणाऱ्या व्यक्ती सापडल्या. नवऱ्याचे धुळीनं माखलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना हा रोग होतो, हे तेव्हापासून जगाला माहीत झालं. ग्रीसमधल्या मेत्सोवो गावात तर बायका घरं सारवायला जी पांढरी माती वापरत, तिच्यातच हे तंतू निघाले आणि गावात हा कॅन्सर वाढलेला आढळला. घर नेटकं ठेवणं हाच त्या बायकांचा गुन्हा!

म्हणून जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर काही गोष्टी हट्टानं पाळा. पत्रा करडा आणि जुना आहे ना, मग त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला, कारण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. काम चालू असताना लेकरं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई शेजारी पाठवा. पाणी, धान्य, अंथरूण बाहेर काढा, नाहीतर नीट झाका. आधी पत्र्यावर हलकं पाणी शिंपडा, जोराचा फवारा नको. हूक, बोल्ट सोडवून पत्रा अख्खा उतरवा, हातोडीनं फोडू नका, वरून फेकू नका, ग्राइंडर तर मुळीच नको. पत्र्यावर कुणी थेट पाय देऊ नये, फळी टाकूनच चढावं. जुना पत्रा अचानक मोडतो आणि माणूस सरळ खाली येतो. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, निदान एन-९५ चा मास्क हवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, नंतर कोरडा झाडू मारू नका. ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि ते फडकं कचऱ्यासोबतच बांधून टाका. मिस्त्रीचे आणि घरच्यांचे कपडे झटकू नका, भिजवून वेगळे धुवा.

उरलेल्या तुकड्यांचा मोह तर आवराच. न्हाणीचा आडोसा, कोंबड्यांचं खुराडं, चिखलातली पायवाट, चुलीचा आडोसा, "काहीतरी कामी येईल" म्हणत आपण सगळं जपून ठेवतो. चुलीजवळ हा पत्रा तापला की तडतडून फुटतो, हे कित्येकींनी पाहिलं असेल. तुकडे ओले असतानाच जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा आणि बांधा. कचरागाडीत टाकून चुरा होऊ देऊ नका.

आणि पत्रे धड असतील तर? मग उगाच काढू नका. घासू नका, खरवडू नका. हलक्या हातानं वरून रंग दिला तरी पुरे.

आता नव्या छपराखाली काय घालायचं? टिन टाकलीच तर खाली हातभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा लाकडी पाट्यांचं आढं करून घ्या आणि गरम हवा निघायला दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवा. हवा कोंडली की सगळं वाया. बाजारात थर्माकोल स्वस्त मिळतो, पण तो झपकन पेट घेतो आणि काळाकुट्ट विषारी धूर सोडतो. स्वयंपाकघरावर तो नकोच. छपरावर पऱ्हाट्या, तुराट्या पसरायची आपली रीत चांगली, फक्त विजेच्या तारा आणि चुलीचं धुराडं यांपासून लांब. आधीचं आढं जुनं असेल, उंदरांनी पोखरलेलं, पावसानं कुजलेलं, तर त्यावर नवं चढवू नका. भिजलेली, दबलेली भर ताप अडवत नाही, फक्त घाण साठवते. पाणी शिंपडून ती काढा, छपराची गळती आधी बुजवा, मगच नवीन घाला.

स्लॅब असेल तर पांढरा चुना हे सगळ्यांत स्वस्त औषध. पांढरं छप्पर ऊन परत पाठवतं. अशा छपराखाली खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहिल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. २०१० च्या मे महिन्यातल्या उन्हाच्या लाटेनं अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेवर माणसं जास्त दगावली. त्यातून धडा घेऊन त्या शहरानं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या बायकांना हाताशी धरून छपरं पांढरी केली. तेलंगण सरकारनं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. हे तिथल्या बायकांना जमलं, मग आपल्या बचत गटांना का जमू नये? चुना कालवताना मात्र डोळे सांभाळा.

पण सगळं ओझं घरच्या बाईवर टाकून चालणार नाही. घरकुल योजनेत २५ चौरस मीटरचं घर मिळतं, त्यात स्वयंपाकाची जागाही आली. एवढ्याशा घरावर उघडी टिन पडली तर त्या बाईनं जायचं कुठे? घरकुलाच्या छपराखाली तट्ट्यांचं आढं किंवा वर पांढरा रंग यासाठी वेगळी रक्कम का असू नये? जुने सिमेंटचे पत्रे कुठे द्यायचे, याची जागा नगर परिषदेनं आणि ग्रामपंचायतीनं ठरवून जाहीर का करू नये? शाळा-अंगणवाडीवरचे पत्रे सुट्टीतच, लेकरं नसताना, नीट उतरवायचा नियम का असू नये?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरतीच होते. यंदा तिथे हे तीन प्रश्न मांडा, ठरावात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा. पाणी, दारू, शौचालय या प्रश्नांवर आपण बोलायला शिकलो, तेव्हाही लोक हसलेच होते. आता डोक्यावरच्या छपरावर बोलू या. उन्हाच्या झळा वाढतच चालल्या आहेत, आणि त्या आधी घरात बसलेल्या बाईला लागतात.