दूरदेशीचा विद्यार्थी

परक्याला आपलेसे करणे म्हणजे काय, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसास कोणी शिकवावयास नको. शिंद्यांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेली आमची घराणी येथेच रुजली. पुढे 1957 साली जिवाजीराव शिंदे यांच्या पुढाकाराने येथे माधव अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि हे शहर अभियंते घडवू लागले. अलीकडे येथील विद्यापीठांत आफ्रिकेतील तरुणही शिकावयास येतात. बाजारात त्यांच्याकडे टक लावून पाहणारे पुष्कळ, "बाबा, तू कोठला, काय शिकतोस?" असे विचारणारे थोडे. म्हणून अशाच एका विद्यार्थ्याची हकिकत आज सांगावीशी वाटते. तो शिकला मात्र ग्वाल्हेरीस नव्हे, पुण्यास.

ओलुसेगुन ओबासांजो हे त्याचे नाव. नायजेरियातील आबेओकुटा शहराजवळच्या एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बॅप्टिस्ट मिशनच्या शाळेत शिकत असता फीसाठी त्याने लाकूडफाटा गोळा केला, गवत कापले, मिळेल ते काम केले. पुढे विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो उत्तीर्ण झाला. परंतु शुल्कास पैसे नव्हते. काही काळ मास्तरकी करून 1958 साली तो सैन्यात शिरला आणि अभियंता झाला. इंग्लंडातील चॅटम येथील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉमनवेल्थ देशांतून आलेल्यांतील सर्वोत्तम विद्यार्थी म्हणून त्याची वाखाणणी झाली.

1965 साली तो भारतात आला. प्रथम वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात व नंतर पुण्यास लष्करी अभियांत्रिकी शिकला. ते वर्ष अवर्षणाचे होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन देशास केले होते. येथली उपासमार पाहून हा विद्यार्थी हादरला. त्याच वेळी येथील संस्कृतीने त्याचे मन वेधले आणि निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ तो वाचू लागला.

1976 साली नायजेरियाची सत्ता त्याच्या हाती आली. त्याच वर्षी त्याने देशाने आपले अन्न आपण पिकवावे अशी मोहीम उघडली. तिचे मूळ पुण्यातील दिवसांत होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु भूक डोळ्यांनी पाहिलेला माणूस ती सहजी विसरत नाही. 1979 साली त्याने सत्ता निवडून आलेल्या सरकारच्या स्वाधीन केली व स्वतः शेती धरली. पुढे हुकूमशहाच्या तुरुंगात तो तीन वर्षे होता. 1999 पासून 2007 पर्यंत तो निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता. त्या कारकिर्दीवर कठोर टीकाही झाली. ओडी गावी सैनिकांनी केलेला संहार विसरता येणार नाही. तथापि, फीसाठी गवत कापणारा हा मुलगा 2000 सालच्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीस प्रमुख पाहुणा म्हणून उभा राहिला, हेही खरे.

वाचकहो, परदेशातून आलेला विद्यार्थी केवळ पुस्तक वाचत नाही. तो आपल्यालाही वाचतो. खोली भाड्याने मागताना मिळालेले उत्तर, शेजाऱ्याचा शब्द, सणाच्या दिवशी आलेले वा न आलेले बोलावणे, हे सर्व तो पदवीबरोबर मायदेशी नेतो. तो उद्या राष्ट्राध्यक्ष होईल म्हणून त्याला मान द्यावा, असे मात्र नव्हे. बहुतेक विद्यार्थी साधे अभियंते होतील. कोणी पूल बांधील, कोणी खेड्यात पाणी नेईल. दूर देशी एकट्याने शिकणाऱ्या कोणाच्या तरी मुलाला आपल्या ताटाशेजारी एक पाट मांडावा, इतकेच आमचे सांगणे आहे.